दचकणारा संगणक

"ह्याच्या आत बाई आहे," शेख अब्दुल-बदीअ म्हणाले आणि त्यांनी हातातला संगणक वग्दीच्या काउंटरवर आदळला. "तिला बाहेर काढ."

वग्दीनं चहाचा पेला बाजूला सरकवला. इजिप्तमधल्या झगाझिग गावच्या या गल्लीत दुकान चालवताना त्यानं संगणकांतून झुरळं काढली होती, पोरांनी खुपसलेली बिस्किटं काढली होती, एकदा चांगली जिवंत पालही काढली होती. बाई काढायला कोणी आलं नव्हतं.

"कसली बाई, मौलाना?"

"मला काय ठाऊक कसली! मी तिला पाहिलेली नाही." एवढं बोलून शेख मागे वळले आणि तेच वाक्य त्यांनी बायकोला पुन्हा ऐकवलं. "पाहिलेली नाही!"

त्यांची बायको, हज्जा फिक्रिया, बसायला जागा शोधत होती. दुकानात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर प्रिंटर बसला होता. हज्जांनी प्रिंटर उचलून नवऱ्याच्या हातात दिला आणि स्वतः बसल्या.

"बाशमोहन्दिस, ह्यांचं काही ऐकू नका. तो डबा पुसून काढा आणि नवीन विंडोज टाका. माझ्या डोळ्यांदेखत."

संगणकाचं झाकण उघडता येणाऱ्या कोणालाही झगाझिगमध्ये बाशमोहन्दिस म्हणतात, म्हणजे मोठा इंजिनियर. वग्दीचा डिप्लोमा कोंबडीपालनाचा होता.

"आधी होतंय काय, ते तरी सांगा."

"दचकतो," शेख म्हणाले. ते लग्नं लावायचे. सरकारनं हल्ली सगळं संगणकात भरायला सांगितल्यामुळे त्यांनी जुन्या बाजारातून हे यंत्र उचललं होतं. "बटण दाबलं की दचकतो. बाईमाणूस दचकतं तसा. परवा एक नवरामुलगा समोर येऊन बसला, मी बटण दाबलं आणि हा दचकला. मुलीचा बाप म्हणाला, यंत्रसुद्धा ह्याला ओळखतं! वऱ्हाड उठून गेलं."

"लग्न मोडलं?"

"मोडलं. मागाहून कळलं, पोराची एक बायको तंता गावात आहेच."

"मग बरंच झालं की, मौलाना."

"काय बरं झालं? आता लोक मुद्दाम येतात! पोराला दारात उभं करतात आणि मला म्हणतात, आधी मशीन लावा. निकाह मी लावतो का हे खोकं लावतं? मी म्हणतो, जिन आहे ह्याच्यात."

"जिनबिन काही नाही," हज्जा शांतपणे म्हणाल्या. "तो शहका आहे. मुलुखियाचा."

वग्दीच्या हातातली वायर हातातच राहिली.

मुलुखिया या पालेभाजीचा हिरवा रस्सा चुलीवर तयार झाला की त्याच्यावर लसूण आणि धण्यांची फोडणी ओततात. ओतताना बाईनं छातीवर हात मारून, घरात चोर दिसावा तसा जोरात श्वास ओढायचा असतो. हा शहका. तो घेतला नाही तर मुलुखिया बिघडते, असं अख्ख्या इजिप्तचं मत आहे. ज्यांना हे पटत नाही तेही शहक्याशिवाय मुलुखिया करून बघायला धजत नाहीत.

"आणि तो माझा नाही," हज्जा पुढं म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मी ह्यांना मुलुखिया घालतेय. माझा शहका मला कळत नाही होय? हे दुसरीकडे जेवतात."

"फिक्रिया, अल्लाची शपथ—"

"हात वर करू नका. प्रिंटर पडेल."

वग्दीनं वायर जोडली. जुना पडदा उजळला, आतली हार्ड डिस्क म्हाताऱ्यासारखी खाकरली, रंगीत खिडकी आली आणि गेली. मग कोपऱ्यातल्या पिवळट स्पीकरमधून एक बाई दचकली. छातीच्या तळापासून ओढलेला लांब श्वास, शेवटी किंचित घसरलेला, आणि मागं फोडणीची चरचर.

वग्दीच्या हातानं भिंतीतली वायर उपटली.

"बघा!" शेख ओरडले. "बाशमोहन्दिसपण घाबरले!"

वग्दी वायर हातात धरून उभा होता. तो शहका त्याच्या बायकोचा होता. सुहैर जाऊन चार वर्षं झाली होती.

*

एकेका संगणकावर विंडोज पहिल्यापासून टाकायचं, मग अरबी अक्षरं टाकायची, मग छपाईची सोय करायची, यात अख्खा दिवस जातो. म्हणून गावातले सगळे बाशमोहन्दिस एक सोपी वाट धरायचे. स्वतःचा संगणक नीट लावून घ्यायचा, त्याचा जसाच्या तसा छाप डिस्कवर घ्यायचा आणि येईल त्या यंत्रात तोच ओतायचा. वग्दी त्याला विरजण म्हणायचा.

एका हिवाळ्यात तो घरी नवा माईक तपासत होता आणि स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. सुहैरनं फोडणी ओतली, शहका घेतला, तो माईकमध्ये गेला. वग्दीनं गंमत म्हणून तो संगणक सुरू होतानाच्या सुरावटीच्या जागी बसवून टाकला. सुहैर खोलीत आली की हा बटण दाबायचा, संगणक दचकायचा आणि सुहैर चप्पल शोधायची. पुढे तो ही गंमत विसरला आणि त्याच संगणकाचं विरजण काढून गावभर वाटत सुटला.

त्या मोसमात सगळं झगाझिग दचकत होतं. अशिलानं आपली बाजू मांडून संपवावी, वकिलानं यंत्र सुरू करावं, की यंत्राला धक्का बसायचा. अशील निम्मी बाजू बदलायचा. दातांच्या डॉक्टरकडे पेशंटनं आ केला रे केला, की मागून बाई दचकायची. तिथंच सुहैर एकदा दुखरी दाढ घेऊन गेली, आणि खुर्चीत आ वासून बसल्या बसल्या तिनं स्वतःला ऐकलं.

ती दाढ तशीच घेऊन घरी आली. "माझा श्वास गावभर सांडून ठेवलायस," ती म्हणाली. "गोळा करून आण. सगळा."

वग्दीनं सायकल काढली, दुकान दुकान, कचेरी कचेरी फिरला, माफी मागितली आणि सगळीकडून शहका पुसला. कामाचा तो चोख होता. एक कापडवाला तेवढा दुकान विकून कुवेतला गेला होता आणि त्याचं यंत्र कोणी नेलं कळेना. घरी येऊन वग्दीनं सांगितलं, झाला सगळा गोळा. तेव्हापासून सुहैर फोडणी ओतण्याआधी दारातून डोकावून बघायची, नवऱ्याच्या हातात काय आहे.

मग तिची मूत्रपिंडं गेली, आणि मागोमाग तीही. माती झाल्यावर काही दिवसांनी वग्दीच्या ध्यानात आलं, की आपल्यापाशी तिचे फोटो आहेत, आवाज नाही. लग्नाच्या फिल्ममध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत बँडच वाजत होता. तो पुन्हा सायकल काढून त्याच दुकानांत, त्याच कचेऱ्यांत गेला. जुनं काही राहिलंय का हो, म्हणून विचारलं. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. "काय राहणार, बाशमोहन्दिस? तुम्ही काय साफ केलं होतंत! मागमूस नाही!"

*

"करा पुन्हा चालू," हज्जा म्हणाल्या. "वायर का धरून उभे राहिलात?"

वग्दीनं वायर खोचली. डिस्क फिरली. टक्. थांबली. पुन्हा फिरली. टक्, टक्.

चालू डिस्कची वायर उपटू नये, हे तो गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगत आला होता, की त्यानं त्याचा फलक करून भिंतीवर लावला होता. वायर नेमकी त्या फलकाखालीच होती.

"मेला का?" शेखांनी आशेनं विचारलं. "मेला असेल तर उत्तमच. नवीन डिस्क घाल, नवीन विंडोज टाक, ही फेकून दे."

"फेकू नका!" वग्दी म्हणाला. ते एवढ्या मोठ्यानं निघालं, की बाहेरचा भाजीवाला आत डोकावला. "म्हणजे, तो आवाज... थोडा वेळ द्या. मला तो काढून घ्यायचाय."

हज्जा खुर्चीतून सावकाश उठल्या. "कशाला?"

"असाच."

"असाच? लोकाच्या बाईचा शहका तुम्हाला असाच हवाय? का ह्यांनी सांगितलंय, जपून ठेव म्हणून? तरीच! दोघं मिळालेले आहात तुम्ही. ते काही नाही, पुसा आत्ताच्या आत्ता!"

वग्दीनं शेखांकडे पाहिलं. शेख प्रिंटर पोटाशी धरून कासावीस झाले होते. परक्या पुरुषासमोर घरच्या बाईचा विषय काढायचा, तोही काउंटरवर, भाजीवाला दारात असताना, हे वग्दीच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. पण टक् टक् थांबत नव्हती.

"तो शहका," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आमच्या मंडळींचा आहे."

मग हज्जा नवऱ्याकडे वळल्या.

"ह्यांच्या मंडळींकडे जेवता तुम्ही?"

प्रिंटर पडला.

"वारली ती!" वग्दी घाईनं म्हणाला. "चार वर्षं झाली, हज्जा. मौलानांचा काही संबंध नाही. माझीच चूक आहे सगळी." आणि मग विरजणापासून दाढेपर्यंत आणि कापडवाल्याच्या हरवलेल्या यंत्रापर्यंत सगळं त्यानं सांगून टाकलं. शेवटी शेवटी तर भाजीवाल्याकडे बघूनच सांगत होता, कारण शेखांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. शेखांच्या कचेरीत, एवढ्या निकाहांना, ओळखीच्या-अनोळखी पुरुषांसमोर सुहैर श्वास ओढत बसली होती, हे दोघांनाही एकदमच उमगत होतं.

शेखांनी दोन्ही तळवे उघडून मृतासाठीची प्रार्थना पुटपुटली. भाजीवाल्यानं हातातली मुळ्याची जुडी काखेत घेतली आणि तोही पुटपुटला. हज्जा पुन्हा खुर्चीवर बसल्या.

"लावा," त्या म्हणाल्या. आता आवाज वेगळा होता. "होतोय का बघा."

वग्दीनं झाकण काढलं, डिस्क थोडी तिरकी केली, वाऱ्यासाठी पंखा जवळ घेतला, बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. टक्. टक्. मग फिरली. रंगीत खिडकी आली आणि इतका वेळ तशीच राहिली, की शेख न राहवून तिच्यावर फुंकर घालायला वाकले. तेवढ्यात खिडकी गेली आणि सुहैरनं श्वास ओढला.

ह्या खेपेला कोणीच दचकलं नाही. हज्जा डोळे मिटून, मान कलती करून ऐकत होत्या.

"लसूण करपलाय," त्या म्हणाल्या.

"नेहमीच करपायचा," वग्दी म्हणाला.

"चरचर ऐका की, कोरडी येतेय. तूप कमी. सांगितलं नाहीत कधी?"

"सांगितलं होतं एकदा."

"मग?"

"मग रमझान संपेपर्यंत मुलुखियाच झाली नाही घरात."

हज्जा हसल्या आणि लगेच त्यांनी ओढणीचं टोक डोळ्याला लावलं. वग्दीचा हात मात्र चाललाच होता. त्यानं आपली छोटी पेनड्राईव्ह खोचली, शहक्याची फाइल शोधली, उचलली, सोडली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. एवढीशी फाइल, एका श्वासाची. एरवी पापणी लवेपर्यंत गेली असती. पट्टी अर्ध्यावर आली. मौलाना ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. पट्टी आणखी जराशी सरकली आणि थांबली.

टक्. टक्. टक्.

पडदा निळा झाला.

वग्दीनं पुन्हा बटण दाबलं. मग वायर बदलली. मग डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली, मग तिसऱ्या. सगळं ज्या क्रमानं करायचं असतं त्या क्रमानं केलं आणि मग उलट्या क्रमानंही केलं. शेवटी त्यानं डिस्क बाहेर काढली आणि कानाला लावली, जणू आत कोणी असेलच तर नुसत्या कानालाही ऐकू यावं.

"अल्ला तिच्यावर दया करो," हज्जा म्हणाल्या.

"आमीन," वग्दी म्हणाला. त्यानं ड्रॉवरमधून दुसरी डिस्क काढली, बसवली आणि नवीन विंडोज टाकायला घेतलं. हे विरजणानं नाही, पहिल्यापासून. वेळ लागेल म्हणाला, संध्याकाळी या म्हणाला. पण दोघंही गेले नाहीत. भाजीवाल्यानं तिघांना चहा आणून दिला. यंत्र कधी नाव विचारायचं, कधी भाषा, कधी कोणत्या देशाची वेळ लावू म्हणून. शेख एकेकाचं उत्तर न्यायालयात द्यावं तसं देत होते.

अखेर संगणक सुरू झाला. सुरू होताना कंपनीची चार सुरांची सुरावट वाजली, गोड, कोणाचीही नसलेली. तरी क्षणभर तिघांनी श्वास रोखला.

जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही वग्दीच्या दुकानाची रीत. त्यानं ती डिस्क फडक्यानं पुसली आणि शेखांच्या पुढं धरली. शेखांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"ती तुझ्या घरची आहे," ते म्हणाले. "मी कशी नेऊ?"

वग्दीनं ती फळीवर, चहाच्या डब्याशेजारी ठेवली.

पुढच्या आठवड्यात शेख प्रिंटरची शाई घ्यायला आले. दुकान उघडं होतं, वग्दी काउंटरमागं एकटाच बसला होता. पण शेख पायरीखालीच थांबले. कोणाच्या घरात बाईमाणूस असेल, तर परका पुरुष बाहेरूनच 'हे झाकणाऱ्या अल्ला' अशा अर्थाची हाक देतो, म्हणजे तिला आवरून आत जायला वेळ मिळतो. शेखांनी घसा खाकरला, नजर जमिनीवर ठेवली आणि भर बाजारात मोठ्यानं म्हणाले, "या सातिर!"

वग्दी उठला. बाईला डोक्यावरून ओढणी घ्यायला लागतो तेवढा वेळ तो काही बोलला नाही.

मग म्हणाला, "या, मौलाना."