नकोचा शेरा

सकाळी पावणेसातला फोन वाजला, की पलीकडून काय ऐकू येणार हे चित्राला आता पाठ झालं होतं. आधी गुड मॉर्निंग, मग हवापाणी, मग घसा खाकरणं, आणि मग एकदम आवाज खाली आणून, "कालची बाई तशी चांगली होती हो. पण पुढच्या वेळी दुसरं कुणी पाठवता येईल का?"

दुसरं कुणी म्हणजे कोण, हे कुणीही फोड करून सांगत नसे. सांगायची गरजच काय! काल गेलेली बाई सुदानची असायची किंवा इथिओपियाची, आणि सांगणारी माणसं सगळ्या जातींची: गोरी, पंजाबी, तमिळ, आणि लाजत का होईना, पण खरं सांगायचं तर आपली मराठीसुद्धा. सगळी सभ्य माणसं. चित्राही सभ्यच होती. ती म्हणायची, "नो वरीज, बघते मी."

इथल्या ब्लॅकटाऊन नावाच्या उपनगरातल्या एका कंपनीत चित्रा रोस्टरचं काम बघायची. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणाऱ्या, औषधं देणाऱ्या, जेवू घालणाऱ्या बायका कंपनी पाठवत असे. कुणी कुठे, किती वाजता जायचं, ते चित्रा ठरवायची. पुण्याहून परदेशात येऊन चौदा वर्षं झाली होती, स्कोफिल्ड्सला घर होतं, नवरा सारंग आयटीत. दोन वर्षांनी मॅनेजर होशील, असं साहेबांनीच तिला सांगितलं होतं.

तर हे जे नको म्हणणारे फोन येत, त्यांची नोंद कुठे करायची, हा मोठा प्रश्न होता. ग्राहकाच्या फाइलमध्ये 'यांना आफ्रिकन बाई नको' असं इंग्रजीत लिहिलं आणि सरकारी तपासणीवाल्यांनी वाचलं, तर ग्राहकही अडचणीत आणि कंपनीही. मग चित्राने आपल्यापुरती एक युक्ती काढली. प्रत्येक घराच्या नोंदीत कामावरच्या बाईच्या नावापुढे शेऱ्याचा एक रकाना होता. त्यात ती तीन इंग्रजी अक्षरं टाकून द्यायची: एन, के, ओ. म्हणजे आपलं साधं 'नको'! त्या घरी हिला पुन्हा पाठवायचं नाही, हे तिचं तिला कळायचं. बाकी कुणाला मराठी येतंय? आपली भाषा म्हणजे परदेशात आपला पडदाच, असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं. ट्रेनमध्ये समोरच्या माणसाविषयी आपण त्याच्याच तोंडावर बिनधास्त बोलतो ना, अगदी तसंच.

हा पहिला शेरा कुणासाठी पडला होता ठाऊक आहे? चित्राच्याच घरासाठी.

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. चित्राने कंपनीतूनच मदत लावून घेतली. अचोल नावाची दक्षिण सुदानची बाई यायला लागली. उंच, शांत, हात हलका. सासूबाईंचे केस विंचरताना गुणगुणायची. चौथ्या दिवशी सासरे, मोहनराव, चहाचा कप घेऊन चित्राच्या मागे येऊन उभे राहिले.

"कामाला चांगली आहे गं ती. पण ही नको. आपल्याकडे चार लोक येतात-जातात. आपल्यातलं कुणी बघ."

चित्राला ते खटकलं. पण सासऱ्यांशी वाद कोण घालणार? ऑफिसला जाऊन तिने अचोलच्या नावापुढे तीन अक्षरं टाकली आणि टूनगॅबीची एक गुजराती बाई घरी लावली. सगळं कसं गुपचूप, कुणाला न दुखावता!

त्यानंतर तो रकाना भरत गेला.

मागच्या मंगळवारी डॅरनने, म्हणजे चित्राच्या साहेबांनी, तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. आफ्रिकन बायकांनी मिळून एक पत्र दिलं होतं: आमचे तास कमी का होतात, लांबलांबच्या शिफ्ट आम्हालाच का मिळतात, आमच्या रंगामुळे का?

"हे पत्र बाहेर गेलं तर आपण संपलो," डॅरन म्हणाला. "मला एक तुलना करून दे. आपल्याकडे कॅरिबियनच्या चार जणी आहेत. त्याही काळ्याच. त्यांचे तास भरपूर, तक्रारी शून्य, स्वतःची घरं, शिक्षण चांगलं. आणि या आफ्रिकन एकोणीस जणी. दोन रकाने समोरासमोर मांड. रंग प्रॉब्लेम नाहीये, ही माणसंच प्रॉब्लेम आहेत, हे दिसायला हवं. शुक्रवारी डायरेक्टर येताहेत. तळाच्या सहा जणींचं कॉन्ट्रॅक्ट आपण पुढे चालू ठेवणार नाही."

"मीच का?" चित्राने विचारलं.

"तू इंडियन आहेस," डॅरन मोकळेपणाने हसला. "तू केलंस तर कुणी वर्णद्वेष म्हणणार नाही."

नाही म्हणायचं चित्राच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली काय? नो वरीज.

बुधवारी तिने माहिती काढली. तळाच्या सहा जणींत पहिलं नाव अचोलचं. आणि दुपारी नेमका तिचाच फोन आला.

"चित्रा, मला नोकरीचं लेटर मिळेल ना? घराचा करार संपतोय, एजंट म्हणतो सोमवारपर्यंत लेटर नसेल तर घर सोडा. माझ्या बहिणीची तिन्ही मुलं माझ्याकडेच असतात, तुला माहितीये."

"बघते हं," चित्रा म्हणाली आणि फोन ठेवून पुन्हा तक्त्याकडे वळली.

तक्ता मात्र सुरेख झाला! एका बाजूला कॅरिबियन: आठवड्याला छत्तीस तास, नर्सिंगची डिग्री, उशीर जवळजवळ नाही. दुसऱ्या बाजूला आफ्रिकन: एकोणीस तास, भाड्याची घरं, उशिराच्या नोंदी ढीगभर, आणि खाली कंप्युटरने आपोआप मोजून दिलेले शेरे. चित्रा प्रिंट घ्यायला उठली, तर प्रिंटरपाशी मार्वा उभी. हातात तोच कागद.

मार्वा त्या चार कॅरिबियन जणींपैकी एक, वय साठीचं. जमैकात जन्मली, लहानपणी आईबापांबरोबर बर्मिंगहॅमला गेली, तिथे नर्स झाली आणि नंतर इकडे आली. ऑफिसात तिला सगळे वचकून असत. ती अर्थातच इंग्रजीत बोलली, पण मी तुम्हाला ते आपल्या भाषेत सांगतो.

"यातलं चांगलं उदाहरण मी का?" तिने विचारलं.

"डॅरनने मागितलंय," चित्रा पुटपुटली. "आणि आकडे खरे आहेत, मार्वा."

"आकडे खरे असतील. पण मी इथे कशी आले, ते यात कुठे आहे? माझी डिग्री इंग्लंडची. या देशाला नर्स हव्या होत्या, म्हणून मला निवडून आणलं. अचोल अकरा वर्षं केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत होती. तिथे ती शाळेत शिकवायची, हे तुला माहितीये? तिचे कागद जळाले. इथे तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मी विमानात बसले ते नोकरीचं पत्र घेऊन. ती बसली ती मेलेल्या भावाचा फोटो घेऊन. आणि तू आम्हा दोघींना एकाच रेषेवर उभं करून विचारतेस, कोण पुढे गेलं!"

चित्राने कागदासाठी हात पुढे केला. मार्वाने तो दिला नाही.

"तूही निवडूनच आलीस ना? डिग्री, वय, इंग्रजी, सगळ्याचे गुण मोजून?"

"हो."

"मग ऐक. माझ्या आईला बर्मिंगहॅममध्ये भाड्याची खोली मिळत नव्हती, दारावर पाट्या असायच्या. तेव्हा तिला सांगायचे, ते इंडियन बघा कसे दुकानं चालवतात, तुम्हालाच काय धाड भरलीय? आज मला शहाणी ठरवून त्या पोरींसमोर उभी करताहेत. उद्या तुम्हाला कुणासमोर तरी उभं करतील, आणि त्या दिवशी तुम्ही खालच्या रकान्यात असाल. तुलना करणाऱ्याला आपल्याशी काही देणंघेणं नसतं, चित्रा. त्याला फक्त काढून टाकायला कुणीतरी हवं असतं." कागद परत देताना ती थांबली. "आणि हे एन-के-ओ काय आहे? अचोलपुढे एक्केचाळीस वेळा आहे. माझ्यापुढे एकदाही नाही. डॅरन म्हणतो, 'नॉट ओके'."

चित्राने कागद ओढूनच घेतला.

ती जागेवर परतली. एकेक नोंद उघडून बघू लागली, आणि बघता बघता तिला सगळा उलगडा झाला. जानेवारीत कंपनीने नवीन सॉफ्टवेअर आणलं होतं. ते शेरे वाचायचं. त्याला मराठी येत नव्हतं, माणसं कळत नव्हती; नावापुढे वाईट शेरा आहे एवढंच त्याला कळायचं. जितके शेरे जास्त, तितकं नाव खाली. खालच्या नावाला उरलेल्या शिफ्ट: सकाळी शहराच्या एका टोकाला पेनरिथ, दुपारी दुसऱ्या टोकाला लिव्हरपूल. मग बस चुकणार, उशीर होणार, उशिराची नोंद पडणार आणि नाव आणखी खाली जाणार! आठ महिने हे चक्र चालू होतं, रोज, आपोआप. आणि त्याला पहिला धक्का दिला होता चित्राने.

मार्वासाठीही नको म्हणणारे फोन आले होते की! तेव्हा चित्रा काय म्हणाली होती, तेही तिला आता आठवलं. "अहो, ती इंग्लंडहून आलेली नर्स आहे." एवढं म्हटलं की लोक लगेच तयार व्हायचे. मार्वासाठी एक वाक्य बोलायला तिची जीभ उचलली होती. अचोलसाठी एक्केचाळीस वेळा उचलली नाही. असा कसा हा आपला चांगुलपणा!

खरं सांगितलं तर नोकरी जाईल. मॅनेजरपद तर गेलंच. नाही सांगितलं तर कुणाला कळणारही नाही. तीन अक्षरं तर आहेत, डॅरनने त्यांचा अर्थही परस्पर लावून टाकलाय. शुक्रवार उजाडेपर्यंत चित्राला अन्न गोड लागलं नाही.

शुक्रवारी डायरेक्टर बाई आल्या. डॅरनने तक्ता पडद्यावर लावला आणि म्हणाला, "चित्रा समजावून सांगेल."

चित्रा उभी राहिली. "ही तीन अक्षरं माझी आहेत," ती म्हणाली. "त्यांचा अर्थ नॉट ओके नाही. हा मराठी शब्द आहे, नको. ग्राहकांनी फोनवर म्हटलेला. एक्केचाळीस ग्राहकांना अचोल तिच्या रंगामुळे नको होती. एकानेही कामाची तक्रार केली नाही. नको म्हणणाऱ्याचं नाव लिहायची मला लाज वाटली, म्हणून जिला नको म्हटलं तिच्या नावापुढे मी शेरा लिहिला. हा तक्ता कॅरिबियन आणि आफ्रिकन बायकांची तुलना नाहीच. मी कुणाची बाजू घेतली आणि कुणाची घेतली नाही, एवढंच यात दिसतं!"

डॅरनचा चेहरा पांढराफटक पडला. "तू सगळ्यांसमोर काय कबूल करते आहेस, हे कळतंय का तुला?"

"कळतंय."

त्या दिवशी सहाही कॉन्ट्रॅक्टं बंद करायचं थांबलं. चित्रावर चौकशी बसली. तिचं पुढे काय होणार, ते अजून ठरायचंय. शेरे पुसून ग्राहकांच्या फाइलमध्ये कारणासकट लिहायचं काम मात्र डायरेक्टर बाईंनी तिलाच दिलं.

लेटर घ्यायला अचोल आली, तेव्हा चित्राने सगळं सांगितलं आणि माफी मागितली. अचोलने पूर्ण ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. लेटरची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"तुझ्या ऑफिसातला शब्द तरी आज कळला," ती म्हणाली. "मी या देशात अकरा ठिकाणी अर्ज केलेत. तिथे माझ्या नावापुढे कुठल्या भाषेत काय लिहिलंय, ते मला कोण सांगणार?"

अचोल निघून गेली.

संध्याकाळी चित्रा घरी आली. मोहनराव सोफ्यावर पेपर वाचत होते. ती पर्स खाली न ठेवताच त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, आज आपल्या घराच्या फाइलमध्ये एक नोंद केली. तुम्हाला सांगायला हवी. 'अचोल यांना नाकारलं. कारण, वर्ण. नाकारणाऱ्याचं नाव, मोहन.'"

मोहनराव ताडकन उठले. "माझ्या नावावर असलं लिहिलंस? अगं, सरकारी लोक वाचतात ते! उद्या कुणी काय म्हणेल मला? आधी खोड ते!"

"ते तीन वर्षं तिच्या नावावर होतं, बाबा."

आतल्या खोलीतून सासूबाईंनी पाणी मागितलं. मोहनराव गेले, त्यांना पाणी पाजलं, आणि बाहेर आले तेव्हा आणखीच म्हातारे दिसत होते.

"कामात काहीच खोट नव्हती गं तिच्या," ते खाली बघत म्हणाले. "हिला आवडायची ती. मीच... मला तोंड दाखवायला जागा नाही."

"मग सोमवारी ऑफिसला फोन करा आणि हेच सांगा. लेखीही द्या."

"करतो."

वाचकहो, चित्राला तुम्ही दुष्ट म्हणाल का? मला तरी म्हणवत नाही, आणि म्हणूनच भीती वाटते. तिने कुणाला शिवी दिली नाही, कुणावर हात उगारला नाही. कुणाला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यापायी एका बाईचं छप्पर जायची वेळ आली. परक्या देशात आपणही कुणाच्या तरी रकान्यात असतोच. तेव्हा दोन माणसं शेजारी उभी करून कोण सरस हे विचारण्याआधी, ती तिथवर कोणत्या वाटेने आली ते विचारा. आणि कुणी तुमच्या कानात हळूच 'नको' म्हणालं, तर तिथल्या तिथे मोठ्याने विचारा, का नको? कारण ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या नावापुढे डाग पडतो आणि करणारा कोराच राहतो, हे आपल्या गप्प बसण्यामुळेच घडतं.