खंडेनवमीचा स्क्रू-ड्रायव्हर

आष्ट्याचा कृष्णात वायरमन दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्यात मोठा पटाईत. बनुबाईंच्या न्हाणीतला बोर्ड जळाला म्हटल्यावर वाटेतच त्यानं ठरवून टाकलं, की चाळीस वर्षांची ॲल्युमिनियमची तार, दोष तिचाच. बनुबाईंचा लेक वीरधवल फौजेत होता. त्यानंही फोनवर बापाच्या नावानं हेच ऐकवलं होतं, "आबांनी सवंग तार घातली, म्हणून ही पाळी आली."

ते बोल म्हातारीला फार लागले होते. नवरा फौजेच्या सिग्नल पलटणीतून रिटायर होऊन आला, तेव्हा घराचं सगळं वायरिंग त्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं. आता तो नव्हता.

"तार काढायची तर सगळी काढ," त्या म्हणाल्या, "पन चूक त्यांची हुती का, तेवढं खरं सांग."

कृष्णातनं मेन बंद करून एकेक बोर्ड उघडला. नावं ठेवायला जागाच सापडेना. ॲल्युमिनियमची तार स्क्रूखाली हळूहळू ढिली पडते आणि मग तापते. इथं एकही ढिली नव्हती.

"आजी, ह्ये कसं काय वं?"

"खंडेनवमीला हत्यारं पुजताना त्यांचा स्क्रू-ड्रायव्हरबी पुजायचे. मग मेन पाडून घरातला एकूण एक स्क्रू आवळायचे. त्ये गेल्यापास्नं मी आवळते. चौदा वर्सं झाली."

लायसन असून स्वतःच्या घरी कृष्णातला हे कधी सुचलं नव्हतं. या बाईपुढे आपण कुठंच नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

शेवटी न्हाणीतला जळका बोर्ड उघडला. ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची नवी तार नुसती पिळून वर टेप गुंडाळला होता. या दोन तारांचं असं जमत नाही, जोड करपतोच.

"ह्यो जोड कुणी मारला?"

"वीरनं. दिवाळीच्या सुट्टीत गिझर बसवला तवा." बोलता बोलताच त्यांना उमगलं, खोट पोराच्याच जोडात होती.

"आबांचं काम लय चोख हाय," कृष्णात म्हणाला. "गिझरसाठी नवी तार घालू. पन चूक त्यांची न्हवं."

तेवढ्यात वीरधवलचाच फोन आला. आबांच्या तारेनंच झालं ना, त्यानं विचारलं. आता पोराची चांगली हजेरी घेतली जाणार, म्हणून कृष्णातनं कान टवकारले.

"न्हाई रं," बनुबाई म्हणाल्या. "त्यांचं काम चोख हुतं. औंदा न्हाणीतला बोर्ड आवळायचा माज्याकडनंच ऱ्हायला."

कृष्णातनं मान खाली घातली. तो करपलेला जोड त्यानं कापला आणि सुट्टीवर आल्यावर वीरधवलच्या कधी नजरेला पडू नये म्हणून आपल्या खिशात टाकला. दुसऱ्याची खोट लपवायची ही त्याची पहिलीच वेळ होती.