आखाजीचं गाऱ्हाणं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरींनी झोक्यावर बसून सासूच्या नावानं बोटं मोडायची आणि सण सरला की मुकाट त्याच सासूकडे निघायचं, हा आमच्या शिरपूरकडचा जुना व्यवहार. जमेला गाणी, खर्चाला पोर. कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून सगळे हसून ऐकतात.

प्रमिलाचं तिथंच चुकलं. तिनं झोक्यावरून सांगितलं, "सासूनं घासलेट ओतलं वं माय, काडी ओली निघाली." बायका खिदळल्या. तिच्या आईनं, झुंबरबाईनं, लगेच पुढची ओळ जुळवली, "सासूले नवी आगपेटी धाडा वं माय!" गाणं जुळवण्यात झुंबरबाईचा हात धरणारी गावात दुसरी नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून दीर गिरधर न्यायला आला. तो ओट्यावर चहा पीत होता. आत झुंबरबाई त्याच्यासाठी दोन्ही हातांवर पुरणपोळीचा मोठा मांडा फिरवत होती.

"माय, माले धाडू नको."

"आखाजीले बठ्ठ्या पोरी असंच म्हनतस."

"ते गानं नव्हतं, माय."

"सासू तं मालेबी व्हती!" झुंबरबाई सुरू झाली. कुणी दुःख मांडलं की शेजारी आपलं मोठं ठेवायचं आणि समोरच्याचं वजा करून टाकायचं, ही तिची पद्धत. बोलता बोलता म्हणाली, "चुल्हामा जरासं घासलेट टाक वं."

प्रमिला डब्याकडे गेली नाही. मागं सरकत भिंतीला चिकटली.

"काय व्हयनं? सासू तं माले..." झुंबरबाईनं वाक्य गिळलं. "बोल. मी आयकस."

प्रमिला बोलली. सासूनं डबा कसा उचलला, नवरा दारात उभा राहून कसा बघत होता, काड्या घासून घासून सासूच कशी रडकुंडीला आली. झुंबरबाईनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. हातांवरचा मांडा कोपरापर्यंत ओघळला, फाटला, पुरण मातीत पडलं.

ती तशाच हातांनी ओट्यावर गेली. "जेवी जाय, भाऊ. पोरगी इथंच ऱ्हाई."

गिरधर मनापासून हसला. "आखाजीला सगळ्याच आया असं म्हणतात, मावशी. वहिनी, चला, बस चुकेल!"

समोरच्या ओट्यावरच्या बायकाही हसल्या. एकीनं ओळसुद्धा जुळवली.

झुंबरबाईला पुढची सुचली नाही. ती दाराशी परत आली आणि पिठाळ हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून उंबऱ्यात बसली.