दहापैकी दोन

पेशंट दारात उभा राहिला की लोर्ना स्टिडहॅमला कळायचं, हा घरी जाणार की वर. अडचण एवढीच, की तिला ते कळायची परवानगी नव्हती.

तिच्याकडे नर्सचा धाकटा परवाना होता. केंटकीच्या डोंगरातल्या त्या छोट्या हॉस्पिटलात, तातडीच्या विभागात, एकोणीस वर्षं ती त्याच परवान्यावर राबत होती. धाकट्या परवान्याने ताप बघावा, पट्टी बांधावी, ओकारी पुसावी. पण पेशंटला काय झालंय याचा अंदाज मात्र करायचा नाही. अंदाज थोरल्या परवान्याने करायचा. धाकटीने नुसती माहिती गोळा करायची. पेशंट निळा पडला तर ‘निळा रंग दिसला’ असं लिहायचं. ‘गुदमरतोय’ म्हटलं की कायदा मोडला.

त्यात लेक्सिंग्टनहून नव्या मेट्रन आल्या, मिसेस प्रूइट. त्यांनी जाहीर केलं की पहिल्या तारखेपासून इथे फक्त थोरले परवाने. धाकट्यांनी डोंगराखालच्या वृद्धाश्रमात जावं. लोर्नाचा जीवच गेला. म्हाताऱ्यांचं तिला वावडं नव्हतं, पण धाडकन उघडणाऱ्या त्या दारावर तिचा जीव होता. तिने इतका पिच्छा पुरवला की मेट्रनबाई वैतागून म्हणाल्या, “एक दिवस मी स्वतः बसून बघते. मर्यादा एकदाही ओलांडली नाहीत, तर विचार करीन.”

मंगळवारी सकाळी त्या खुर्ची टाकून बसल्या. पहिल्याच तासाला त्यांनी लोर्नाला पकडलं.

“तुमच्या भुवया.”

“काय झालं माझ्या भुवयांना?”

“पेशंट आला की ती मुलगी त्याच्याकडे बघतच नाही. तुमच्या भुवयांकडे बघते. त्या वर गेल्या की पळते.”

ती मुलगी म्हणजे टॅरिन, वय तेवीस, थोरला परवाना सात महिन्यांचा. तिचे कान लाल झाले. आणि ते खरंच होतं. विभाग गेली कित्येक वर्षं लोर्नाच्या भुवयांवरच चालला होता.

“भुवई उचलणं हा अंदाज झाला,” मेट्रनबाई म्हणाल्या. “खाली ठेवा.”

लोर्नाने भुवया खाली ठेवल्या. कानात मासे धरायचा गळ अडकलेला एक माणूस आला, तेव्हाही तिने तोंड इस्त्री केल्यासारखं सपाट ठेवलं. “कानात गळ दिसला,” असं लिहिलं आणि त्याला बाकावर बसवलं.

अकराच्या सुमारास हॉबर्ट नेपियर आला. जुना खाणकामगार, वय एकाहत्तर. मागून बायको ओपल.

“हा स्वतःहून चला म्हणाला,” ओपल म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

त्या डोंगरातला पुरुष बायकोने फरपटत आणल्याशिवाय हॉस्पिटलची पायरी चढत नाही. स्वतःहून आला म्हणजे संपलंच. लोर्नाच्या भुवया वर निघाल्या होत्या, तिने त्या निकराने ओढून धरल्या.

टॅरिनने फॉर्म काढला. “काका, कुठे दुखतंय?”

“दुखत कुठे नाही गं. बीन्स जास्त झाल्या रात्री. खांदा जरा भरलाय.”

“एक ते दहामध्ये किती?”

“दोन.”

टॅरिनने दोन लिहिलं आणि सवयीने लोर्नाकडे बघितलं. तिथे सपाटी होती. टॅरिन म्हणाली, “बसा बाकावर. गळवाल्यानंतर तुमचा नंबर.”

लोर्नाला ओरडावंसं वाटलं. ओरडली तर जागा गेली. मग ती वही घेऊन हॉबर्टशेजारी बसली. माहिती गोळा करायला कोणाची बंदी होती?

“हॉबर्ट, तुझा पाय मोडला होता तेव्हा किती होतं रे?”

“कुठला? डावा का उजवा?”

“दोन्ही सांग.”

“डावा एक. उजव्याच्या वेळी तर मी चालत घरी आलो होतो. त्याला अर्धा धर.”

“आणि मूतखडा?”

“दीड असेल.”

“खोटारड्या!” ओपल म्हणाली. “भिंतीला डोकं आपटत होतास!”

“म्हणून तर दीड म्हणतोय.”

“मग दहा कधी?” लोर्नाने विचारलं.

हॉबर्ट म्हणाला, “खाणीचं छत बसलं तेव्हा. भाऊ शेजारीच होता माझ्या. दोन दिवस त्याचा हात धरून होतो.”

लोर्नाने सगळं एकाखाली एक लिहिलं. उजवा पाय अर्धा, डावा एक, मूतखडा दीड, आज दोन. चेहऱ्यावरची रेष न हलवता कागद टॅरिनच्या हातात दिला. टॅरिनने वाचला. परत वाचला. मग पांढरीफटक पडून डॉक्टरांना हाका मारत पळाली.

हार्ट अटॅक होता, तोही मोठा. अर्ध्या तासात हेलिकॉप्टर आलं. वाटेत माझ्या अंगणात सोडा, कोंबड्या उपाशी आहेत, असं हॉबर्ट पायलटला सांगत होता. वाचला तो.

मग मेट्रनबाईंनी कागद पुरे करायला घेतले. एक चौकट रिकामी होती: अंदाज कोणी केला.

“टॅरिन, सही कर.”

“मी नाही केला, मॅडम. मी नुसतं वाचलं.”

“मग कोणी केला? लोर्नाने फक्त माहिती घेतली, मी इथेच होते. भुवईसुद्धा हलली नाही.” त्या लोर्नाकडे वळल्या. “निर्दोष दिवस. शाबास.”

“मग माझी जागा राहिली?”

“तेच तर. इथे अंदाजाशिवाय चालत नाही, आणि तुम्ही तो करत नाही हे आज सिद्ध झालं. मग तुमचं इथे काम काय?”

लोर्नाचं डोकं फिरलं. “मी केला.”

“मी हे ऐकलं नाही.”

“मोठ्याने सांगते. तो दारात होता तेव्हाच केला! एकोणीस वर्षं रोज करतेय!”

“मी ऐकलं,” गळवाला बाकावरून म्हणाला. “एकाच कानाने, पण ऐकलं.”

मेट्रनबाई हळू आवाजात म्हणाल्या, “हे लिहिलं तर तुमचा परवाना चौकशीला जाईल. नाही लिहिलं तर पहिल्या तारखेपासून वृद्धाश्रम. नीट विचार करा.”

“लिहा.”

त्यांनी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. मग चौकटीत लोर्नाचं पूर्ण नाव लिहिलं. खाली आणखी एक ओळ होती. तीही भरायलाच हवी होती.

“काय बघून तुम्हाला असं वाटलं?” त्यांनी विचारलं.

एकोणीस वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. लोर्नाला एकदम रडू आलं. तिने बाहीने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागली. टॅरिननेही आपली वही उघडली.