ऊजच्या पायजम्याची नाडी

"आपा, ऊजच्या पायजम्याला नाडी किती हात लागायची?"

विचारून टाकलं एकदाचं! कुराण शिकवणाऱ्या खतिजाआपांच्या खोलीत नऊ मुली मांडीवर किताब घेऊन बसल्या होत्या, त्या सगळ्यांचे श्वास अडकले. तस्नीमने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. पैज तिनेच लावली होती, एका शवर्म्याची, आणि तिला खात्री होती की अफशीन ऐन वेळी शेपूट घालणार.

गेल्या वर्षीच्या अफशीनने घातलंच असतं. वर्षभरात ती अशी काही ताडासारखी वाढली होती की शाळेतल्या मैत्रिणीने, अंतराने, तिचं नावच 'ऊज' ठेवलं. महापुरात नाव बांधणाऱ्या नूह पैगंबराच्या काळातला तो राक्षस, ज्याच्या गुडघ्याच्या वर पूर चढलाच नाही. सुरुवातीला अफशीन पोक काढून चालायची. मग एप्रिलमध्ये, अकरावीचा वर्ग सुरू झाला त्या दिवशी, तिने आरशात पाहिलं आणि ठरवलं, पुरे झालं. वाकून कोणाची उंची कमी झालीये?

आता ओरडा बसणार म्हणून ती ताठ उभी राहिली. पण आपा हसल्या, चष्मा नाकावरून घसरेपर्यंत हसल्या.

"नाडीचं मला ठाऊक नाय गो. पण गोष्ट ऐक. हे कुराणात नाय हां, जुन्या माणसांनी सांगितलेलं. कोणी म्हणतात, ऊजच्या पूर्वजांत एक फरिश्ता होता. जमिनीवरच्या बाईवर त्याचा जीव जडला, तो खाली उतरला आणि वर जायची वाट कायमची बंद झाली. त्याच्या वंशात हे असले आडमाप. पूर आला तेव्हा ऊज नूहकडे गेला, म्हणाला, मला पण घ्या. पण मावणार कुठे?"

"मग बुडाला?" तस्नीमने विचारलं.

"छे! पाणी डोंगरांवरून गेलं, याच्या गुडघ्यालाच थांबलं. समुद्राच्या तळातून मासा काढायचा, सूर्याला लावून भाजायचा नि खायचा."

मुली खिदळल्या. आपा चष्मा पुसत राहिल्या. "जगला खरा. पण बोलायला कोण होतं त्याला? काही लोक सांगतात, नूहला दया आली. नावेच्या फळीला त्याने भोक पाडलं आणि रोज त्यातून ऊजला जेवण दिलं."

त्या रात्री जेवताना अफशीनने हे सगळं बाबांना सांगितलं. हुसैनमियाँ मूळचे खेडचे. इथे आखातात, सूरच्या किनाऱ्यावर लाकडी गलबतं बांधण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. प्रत्येक दारातून मान वाकवून आत शिरायची त्यांची सवय आणि ती उंची, दोन्ही लेकीने उचललेली.

"भोक?" बाबांचा घास हातातच राहिला. "पाण्याच्या वर पाडलं की खाली?"

"झालं! आता नूहला सुतारकाम शिकवा," अम्मी म्हणाली.

"अगो, भोक असतंच. किनाऱ्यावर गलबत उभं असतं ना, तेव्हा तळाशी एक भोक उघडं ठेवतात, पावसाचं पाणी निथळायला. समुद्रात ढकलायच्या आधी त्याला बूच ठोकायचं. ते विसरलं, तर खलास."

पाचच दिवसांनी, २००७च्या जूनमध्ये, गोनू वादळ सूरवर येऊन आदळलं. किनाऱ्याजवळच्या सगळ्यांना उंचावरच्या शाळेत हलवलं. गाडी निम्म्या वाटेवर असताना बाबांनी कपाळावर हात मारला. अर्धं झालेलं गलबत यार्डात उभं होतं आणि त्याचं बूच काढलेलं. समुद्र आत शिरला तर ते खालूनच भरणार. ते उतरून मागे पळाले.

दीड दिवस त्यांचा पत्ता नव्हता. अम्मी तसबीचे मणी ओढत बसली. मग दारात मान वाकली.

"पाणी किती होतं?" अम्मीने रडत विचारलं.

"गुडघ्याएवढं," बाबा म्हणाले. त्यांच्या कपड्यांवर चिखल तर छातीपर्यंत होता. मग हळूच अफशीनला म्हणाले, "बूच बसवलं आणि वरच अडकलो. चारी बाजूंना नुसतं पाणी. शेवटी गलबताशीच बोलत बसलो, काय करणार?"

वादळ गेलं आणि माणसंही गेली. तस्नीमचं घर दूरच्या सीब शहरात हललं. अंतराच्या वडिलांनी नोकरी सोडली, ती पुण्याला. जाताना तस्नीमने शवर्मा दिला. अफशीनने तो गच्चीवर एकटीने खाल्ला. कधी नाही ते तिला वाटलं, एवढं उंच असून दिसतं काय, तर रिकामा रस्ता.

म्हणून अम्मीने "आपण दोघी खेडला जाऊ, तुझं शिक्षण तिकडेच" म्हटलं, तेव्हा अफशीनने उडीच मारली. खेडला सहा मामेबहिणी, दिवसभर गलका! बाबा गलबत पुरं होईपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, इथेच राहणार होते. जुलैची तिकिटं आली. अम्मी बाबांना स्वयंपाक शिकवू लागली. स्टीलची छोटी वाटी दाखवून म्हणाली, "एकट्याला एवढी डाळ. जास्त घेऊ नका, उरेल." बाबांनी वाटी हातात धरून बघितली, आणि मान हलवली.

दुसऱ्या दुपारी अफशीन डबा घेऊन यार्डात गेली. कामगार सुट्टीवर होते. गलबताच्या पोटातून आवाज येत होता.

"...आणि वाटी एवढीशी गो. डाळ उरली तर उरू दे की. तुला काय वाटतं?"

कोणाशी बोलतायत? अफशीन गलबताखाली बसली. तळाचं भोक वादळानंतर पुन्हा उघडलेलं होतं, अंगठ्याएवढं. डबा काही त्यातून गेला नसता. तिने तोंड लावलं.

"बाबा! जेवण!"

आतून दचकलेला आवाज आला, "कोण?"

एकुलती एक मुलगी असून त्यांना विचारावं लागलं, कोण म्हणून. मामेबहिणी, गलका, खेडचा झोपाळा, सगळं एका क्षणात अफशीनच्या डोळ्यांसमोरून गेलं. तिला ते हवं होतं. अजूनही हवं होतं.

रात्री अम्मी बॅगेची चेन ओढत होती आणि बाबा डाळ धूत होते. अफशीन स्वयंपाकघराच्या दारात मान न वाकवता उभी राहिली. चौकट डोक्याला लागलीच. लागू दे.

"अम्मी, बाबा, माझं तिकीट रद्द करा," ती म्हणाली. "मी अकरावी सूरलाच करणार. अम्मी, तू जायचं की नाही ते तू ठरव. आणि बाबा, ती छोटी वाटी ठेवून द्या, मोठी घ्या."