पंचफुलाबाईंचा वाकडा भांग

मित्रांनो, हिंगणीच्या एका घरातल्या कोनाड्यात बसलेली मी जुनी फणेरपेटी. अंग जवळच्या बोर नदीकाठच्या जंगलातल्या सागाचं, पोटात फणी आणि कुंकवाचा करंडा, झाकणाला आरसा. महादेवरावांच्या लग्नासाठी सुताराने मला घडवलं. नवी नवरी पंचफुलाबाई माझ्यापुढे बसल्या. त्यांच्यासारखा सरळ भांग गावात कोणी पाडत नसे, आणि त्यातलं निम्मं श्रेय मी गुपचूप लाटत असे.

एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर एका सकाळी केसांवरून उतरलेला त्यांचा हात छातीशीच थांबला. स्तनाचा कर्करोग निघाला. वर्ध्याला ऑपरेशन झालं, पण गळ्याशी एक गाठ उरली. तिच्यासाठी डॉक्टरीणबाईंनी रोजच्या गोळ्या दिल्या. त्या माझ्यातच राहू लागल्या. केवढा मान माझा! गाठ हळूहळू बसली आणि बाई माझ्यात पाहून पुन्हा हसू लागल्या.

दोनेक वर्षांनी गाठ परत दिसली. गोळ्या चालूच होत्या. बाईंना मात्र हरतालिका आठवली. निर्जळी उपास म्हणून त्या दिवशी त्यांनी गोळी घेतली नव्हती. त्यांनी पदर गळ्याशी ओढला आणि मला मिटून टाकलं. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

शेवटी लेकीने, नलूने, गाठ पाहिली, तेव्हा बाईंनी चुकलेल्या गोळीचंही सांगितलं. महादेवराव घाबरले आणि घाबरून ओरडले, "दवाई सोडून उपास काऊन केला वं?"

उपास महादेवरावांच्याच आयुष्यासाठी होता.

दवाखान्यात जाताना बाईंनी मलाही गाठोड्यात घेतलं. खाटेशेजारच्या स्टुलावरून मी सारं ऐकलं.

"माह्यानंच चुकलं नं?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई जवळ बसल्या. "नाही हो. गोळी चुकवू नये हे खरं, पण हे एका उपासाने झालेलं नाही. तुमची गाठ अंगातल्या हार्मोनवर पोसत होती. गोळी तिला ते मिळू देत नव्हती. काही पेशी हळूहळू त्याच्याशिवायच वाढायला शिकतात. नेमाने गोळी घेणाऱ्यांनाही असं होतं. आता दुसरं औषध देऊ. मात्र दिसल्याबरोबर सांगायचं होतं."

महादेवराव स्टुलाजवळ आले. मग वॉर्डातल्या साऱ्या बायांसमोर त्यांनी मला उघडलं आणि फणी हातात घेतली.

"इकडे सरक. वेणी घालून देतो. तू माह्यासाठी उपास केला, अन् मी तुलेच बोललो."

भांग असा वाकडा पडला की बाई माझ्यात पाहून खुदकन हसल्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "असाच राहू द्या."

दुसऱ्या औषधाने काही महिने दिले. त्या महिन्यांत वेणी महादेवरावच घालत. आता बाई नाहीत. महादेवराव रोज सकाळी माझी काच पुसतात. फणीत एक लांब केस अडकलेला आहे, तो मात्र काढत नाहीत.

मित्रांनो, घरातलं कोणी आजारी पडलं तर त्याची चूक शोधत बसू नका. दुखणं लपवावंसं वाटेल असं त्याला बोलू नका. सरळ भांग मी पुष्कळ पाहिले. जीव तुटतो तो त्या एका वाकड्या भांगासाठी.