पाहुण्याच्या तोंडी निरोप

आमच्या इटेन गावाला येणाऱ्या गोऱ्या माणसाजवळ दोन वस्तू हमखास असतात: धावायचे कोरे बूट आणि एक वही. बूट आठवड्याभरात लाल मातीने माखतात, त्यांचा धनी धापा टाकत रस्त्याकडेला बसतो आणि मग वही निघते. जो धावण्यात मागे पडतो तो लिहायला बसतो, असा एझेकिएल तालामचा बारा वर्षांचा अनुभव होता.

एझेकिएल त्यांचा दुभाष्या. पूर्वी शाळेत शिकवायचा म्हणून गाव त्याला म्वालिमू म्हणे, म्हणजे आपला मास्तरच. आमच्या धावणाऱ्यांवर लिहिलेल्या नऊ पुस्तकांत त्याचे आभार मानलेत, आणि त्याचं आडनाव सहा तऱ्हांनी छापलंय. लिहिणारे सगळे एकाच मुशीतले. आमची पोरं एवढी पळतात कशी, त्याचं गुपित त्यांना हवं असतं, आणि ते परतीच्या विमानाआधी हवं असतं. उकडलेला मका खाताना आमच्यातला कोणी सहज ढेकर दिला तरी ते टिपून घेतील.

आणि यातला प्रत्येक जण एका अंगणात जायचा हट्ट धरायचा. कोगोच्या.

कोगो म्हणजे आजी. तिचं खरं नाव आता तिच्याच वयाच्या चार म्हाताऱ्यांना आठवत असेल. किप्तारुस हा तिचा मुलगा, गावचा नावाजलेला धावपटू. तारुस. त्याच्यावरचं पुस्तक आमच्या गावाबद्दलचं पहिलं पुस्तक, आणि त्याचं नाव कोगोच्याच तोंडच्या वाक्यावरून ठेवलेलं: 'थांबणं त्याच्या रक्तात नाही'. लेखक हॅडन, लाल दाढीचा. हे वाक्य आता सराव शिबिराच्या फाटकावर रंगवलंय, बनियनींवर छापलंय, चहाच्या टपरीवरही आहे, खाली 'तारुसची आई' असं लिहून. कोगोला वाचता येत नाही. दर बाजाराला ती त्या फाटकाखालून बटाट्याचं पोतं घेऊन जाते.

ती हे वाक्य कधीच बोलली नव्हती.

ती बोलली होती ते असं: "तुझ्या पाहुण्याला म्हणावं, माझ्या पोराला थांब म्हण. पहाटे धार काढताना छातीला हात लावून बसतो तो. मला सांगत नाही, पण मी बघते ना. म्हणावं, आईने सांगितलंय, आता पुरे."

कोगोच्या घरची रीत जुनी. वयात येतानाची दीक्षा घेऊन आलेला मुलगा पुरुष झाला. आईने त्याला 'हे कर, ते करू नको' म्हणायचं नाही. म्वालिमूने सांगून उपयोग नव्हता, कारण तो आणि तारुस एकाच तुकडीत दीक्षा घेतलेले. बरोबरीच्याचं बोलणं तारुसने हसण्यावारी नेलं असतं. पण पाहुणा घरात येतो तेव्हा त्याचा शब्द खाली पडू देत नाहीत. म्हणून तिने पाहुण्याच्या तोंडी निरोप दिला.

त्या वेळी म्वालिमूची नोकरी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि हे पहिलंच काम. हॅडन तीन दिवस त्या अंगणात आईच्या एका वाक्यासाठी तंगड्या पसरून बसला होता. शिवाय तारुसची मोठी शर्यत तोंडावर. छातीचं दुखणं पुस्तकात छापलं असतं तर त्याला कोणी दारात उभं केलं नसतं. मित्राचं भलं करतोय असं म्वालिमूने स्वतःला बजावलं, आणि इंग्रजीत म्हणाला, "त्या म्हणतात, थांबणं माझ्या पोराच्या रक्तात नाही." हॅडनचे डोळे भरून आले. त्याने कोगोकडे बघून मान हलवली. कोगोनेही हलवली. काम झालं असं दोघांनाही वाटलं.

पुस्तक आलं तेव्हा तारुस ते काखेत धरून म्वालिमूच्या दारात आला. "आई असं म्हणाली?" त्याने विचारलं. "मला वाटायचं तिला माझं धावणं आवडत नाही. काही बोलतच नाही रे ती." लहान पोरासारखा खूश होता. तेव्हा सांगता आलं असतं. म्वालिमूने चहा टाकला.

पुढच्या वसंतात एका परक्या शहरात, एकतिसाव्या किलोमीटरला, तारुस खाली बसला तो उठला नाही.

तेव्हापासून म्वालिमूचं इकडे आड तिकडे विहीर झालं. काम सोडावं, तर पाहुण्यांना कोगोकडे नेणारा दुसरा कोणी उभा राहणार. गावात आता कॉलेज शिकलेली पोरं रग्गड. त्यातला एखादा निघायचा प्रामाणिक, आणि कोगोचं बोलणं जसंच्या तसं सांगून बसायचा. म्हणून प्रत्येक नव्या वहीवाल्याबरोबर त्याला स्वतःच जावं लागे. ताप असला तरी जाई. एकदा बायकोच्या बाळंतपणातून उठून गेला होता. बायको म्हणाली, "तू त्या म्हातारीचा जावई आहेस की कैदी?" तिने हसण्यावारी म्हटलं तरी खरं तेच होतं.

या खेपेची पाहुणी लोटे, डेन्मार्कची. दोन किलोमीटरवर तिने हात टेकले आणि "मला नाही जमत" असं सरळ सांगून टाकलं. बाकीचे पायाला लागलं म्हणतात. म्वालिमूला ती आवडली आणि लगेच तिची धास्तीही वाटली.

कोगो अंगणात मक्याचे दाणे सोलत बसली होती. लोटेला तिने आपादमस्तक न्याहाळलं. "ही एवढी वाळकी कशी रे? आईने जेवूखाऊ घातलं नाही का हिला?"

"त्या म्हणतात, तुमचं स्वागत आहे," म्वालिमू म्हणाला.

लोटेने विचारलं, तारुस लहानपणी कसा होता? कोगो म्हणाली, "आळशी! शेळ्या सोडायला सांगितल्या की झाडाखाली झोपायचा. शेळ्या परत यायच्या, हा नाही." आणि खो खो हसली, उरलासुरला दात दाखवत.

"त्या म्हणतात, तो शेळ्यांमागे रानभर धावायचा. त्याची आठवण आली की जीव तुटतो."

लोटेचं पेन थांबलं. "पण त्या हसल्या."

"आमच्याकडे दुःखातही हसतात," म्वालिमू म्हणाला. आपल्याच लोकांवर एवढी थाप त्याने जमिनीकडे बघत मारली.

लोटेने वही मांडीवर पालथी घातली. "मी वाचलीत ती नऊ पुस्तकं. सगळ्यांनी यांनाच प्रश्न विचारलेत. यांना आमच्यापैकी कोणाला काही विचारायचंय का? तेवढं विचाराल?"

हे बारा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मक्याचा भाव विचारला म्हणून सांगावं, की पावसाचं काही काढावं, याची म्वालिमू जुळवाजुळव करू लागला.

"काय म्हणते ती?" कोगो म्हणाली. "आणि तुला घाम का फुटलाय?"

"म्हणते, तुला हिला काही विचारायचंय का?"

कोगोने कणीस खाली ठेवलं. पदरासारखी पुढे आलेली शाल सावरली. "आहे की," ती म्हणाली. "पाहुण्याला आपण होऊन विचारत नाहीत, म्हणून इतकी वर्षं विचारलं नाही. तो लाल दाढीवाला. त्याच्या तोंडी मी पोराला निरोप दिला होता, तू होतास बघ. मान डोलावली होती त्याने. हिला विचार, त्याने निरोप पोचवला का? ही त्याच्याच लोकांतली आहे, हिला ठाऊक असेल."

लोटे म्वालिमूच्या तोंडाकडे बघत होती. कोगोही.

हो म्हणावं, तर तारुसने निरोप ऐकून आईचा शब्द मोडला. नाही म्हणावं, तर हॅडन घात करणारा. त्याने बिचाऱ्याने जे ऐकलं ते लिहिलं होतं. दोन्ही उत्तरं त्याच्या जिभेवर तयार होती. दुभाष्याला खोटं बोलायला श्रम पडत नाहीत, दोन्हीकडचे लोक त्याच्याच भरवशावर असतात. पण म्हातारी बारा वर्षं या एका उत्तरासाठी थांबली होती, हे त्याला आत्ता कळत होतं, आणि त्याच्याने ते पुढे लोटवेना.

"कोगो," तो म्हणाला, "तो निरोप दाढीवाल्याला मिळालाच नाही. मी दिला नाही. मी त्याला दुसरंच काहीतरी सांगितलं."

"दुसरं काय?"

त्याने ते वाक्य तिला तिच्या भाषेत सांगितलं. पहिल्यांदाच. ऐकायला फार फुसकं वाटलं.

कोगो ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "म्हणजे पोराला कळलंच नाही," ती म्हणाली. "त्याने माझा शब्द मोडला नाही."

"नाही. उलट त्याला वाटलं, तुला अभिमान वाटतो."

"अस्सं." तिने मुठीतले दाणे एकेक करून टोपलीत टाकले. "त्याच्या बहिणीला तीन लेकरं झाली, एझेकिएल. दरवेळी बाळाभोवती बसून बायका गेलेल्यांची नावं घेत होत्या. ज्याच्या नावाला बाळ शिंकलं, तो त्या बाळाच्या रूपाने परत आला. आपली रीत तुला काय सांगू? तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, तारुसचं नाव घेऊ या. तिन्ही वेळा मी नको म्हटलं. म्हटलं, ज्याने आईचं ऐकलं नाही त्याला पुन्हा कशाला बोलवायचं?" तिचा आवाज चढला नाही. "आता तिचं वय गेलं. आता लेकरू व्हायचं नाही तिला."

म्वालिमू तिच्या पायाशी जमिनीवर बसला. शिव्या दे, थुंक, काहीतरी कर, असं त्याला म्हणायचं होतं. रडू आलं ते त्याने दाबलं नाही.

"काय झालं?" लोटे घाबरून म्हणाली. "काय म्हणाल्या त्या?"

"काय विचारते?" कोगो म्हणाली.

"तू काय म्हणालीस ते विचारते."

"मग सांग. सगळं सांग, तू केलंस तेही. या खेपेला पदरचं काही घालू नकोस."

त्याने नाक पुसलं आणि इंग्रजीत सुरुवात केली. "मी एका आईचा निरोप तिच्या मुलापर्यंत पोचू दिला नाही." लोटेने वही उलटली आणि समासात, बोलणाऱ्याच्या नावाच्या जागी, सवयीने लिहिलं: आई. दुभाषे 'मी' म्हणतात ते समोरच्याच्या वतीने, तेवढं तिला या कामात ठाऊक झालं होतं.

"ते खोडा," म्वालिमू म्हणाला. "तिथे माझं नाव लिहा."

लोटेने खोडलं. तो बोलत राहिला, बराच वेळ, एक शब्दही न गाळता. आणि कोगो त्याच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. तो खरं सांगतोय की याही वेळी दुसरंच काही, हे तिला कधीच कळणार नव्हतं.